रात्रीच्या पांदणीसाठी सायकलचा दिवा

काटोल, कळमेश्वर, सावनेर, उमरेड या बाजूच्या गावांतून रात्री-बेरात्री सायकली निघतात. कोणी रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला जातो. कोणाच्या वावरात विजेची पाळी रात्रीची असते, तो मोटार सुरू करायला जातो. कोणी पहाटेच भाजी घेऊन नागपूरच्या बाजाराला निघतो. डांबरी सडक लागेपर्यंत वाट पांदणीची. तिथे खांबावर दिवा नाही. बंडीच्या चाकोऱ्या, पावसाने पडलेले खड्डे, वाटेत आलेले बाभळीचे काटे! अंधारात पडून हात मोडला, तर हंगामाची मजुरी बुडते. दवाखान्याचा खर्च वेगळाच.

म्हणून सायकलला चांगला दिवा हवा. पण चांगला म्हणजे महागच का? नाही. आपल्या वाटेला पुरेल आणि खिशाला परवडेल तो चांगला. तो कसा ओळखावा, हे आता पाहू.

किती दूर दिसले पाहिजे?

साधी सायकल तासाला सुमारे १५ किलोमीटर चालते. म्हणजे एका सेकंदात ४ मीटर. समोर खड्डा दिसला, की हात ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो. तेवढ्यात सायकल ४ मीटर पुढे जाते. पुढे मातीच्या वाटेवर थांबायला आणखी ३-४ मीटर लागतात. मागे दुधाचे कॅन किंवा भाजीचे ओझे असेल, तर त्याहून जास्त. एकूण झाले ८ ते १० मीटर. आपल्या चालीने ही १२ ते १४ पावले होतात.

आता विचार करा. दिवा आठच पावलांपर्यंत दाखवत असेल, तर काय होईल? खड्डा दिसेल, पण थांबता येणार नाही. म्हणून २० पावलांवरचा खड्डा नीट दिसेल असा दिवा घ्यावा. आणि दिवा कमजोर असेल, तर सायकल हळू चालवावी. दिवा जेवढे दाखवतो, तेवढ्यात थांबता आले पाहिजे.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. मुरमाची वाट उजेड परत फेकते. काळी माती उजेड पिऊन टाकते. मुरमावर पुरतो तो दिवा काळ्या मातीत अपुरा पडतो. दिव्याची परीक्षा आपल्याच पांदणीत करावी, ती यासाठी.

जुने दिवे आणि नवे दिवे

पूर्वी सायकलला रॉकेलचा दिवा असे. मग चाकाला घासून फिरणारा डायनामो आला. त्याला सेल लागत नाहीत, हा मोठा फायदा. पण चाक हळू फिरले, की दिवा मंद होतो. पांदणीत तर हळूच चालावे लागते. म्हणजे गरज जास्त तिथेच उजेड कमी!

आता एलईडीचे दिवे आले आहेत. पांढऱ्या उजेडाचा एलईडी बनवायला आधी निळ्या उजेडाचा एलईडी लागतो. तो शोधून काढणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या दिव्याला वीज थोडी लागते आणि उजेड भरपूर पडतो. म्हणून लहानशा बॅटरीवरही तो पुष्कळ वेळ चालतो.

सेलचा की चार्जिंगचा?

एक हिशेब करू. समजा, सेलचा दिवा १५० रुपयांना मिळाला. त्यात १५ रुपयांचे ३ सेल बसतात. ते ८ तास चालतात. आपण रोज एक तास दिवा लावतो. महिन्याचे झाले ३० तास, म्हणजे सेल सुमारे ४ वेळा बदलावे लागतील. एका वेळचे ४५ रुपये, ४ वेळचे १८०.

चार्जिंगचा दिवा समजा ४५० रुपयांचा आहे. लहान दिव्याच्या एका चार्जिंगला वीज इतकी थोडी लागते, की एका युनिटमध्ये सुमारे शंभर वेळा चार्जिंग होते. दोन महिन्यांत सेलच्या दिव्यावर ५१० रुपये गेले. चार्जिंगच्या दिव्यावर ४५०, आणि वर विजेचे थोडे पैसे. स्वस्त कोणता, ते तुम्हीच सांगा. महिन्यातून एक-दोनदाच जाणाऱ्याला मात्र सेलचा दिवाही परवडतो.

डबा वाचा

डब्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात. अक्षरे इंग्रजी असली, तर गावातल्या शिकणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावीत. चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, लुमेन. हे उजेडाचे माप आहे. सावकाश चालणाऱ्याला पांदणीत २०० ते ४०० लुमेन पुरतात.

दुसरी, बॅटरीचा आकडा. हा मिलीअँपिअर-तासात असतो. बोटाहून थोडी जाड अशी जी एक गोल बॅटरी या दिव्यांत असते, तिच्यात फार तर ३५०० च्या आसपास मावतात. एकाच बॅटरीवर ९९०० लिहिले असेल, तर ते खोटे समजावे.

तिसरी, किती तास चालतो. २००० च्या बॅटरीवर ३०० लुमेनचा दिवा सुमारे दोन तास चालतो. एवढ्याच बॅटरीवर १००० लुमेन दहा तास, असे कोणी लिहिले तर विश्वास ठेवू नये.

चौथी, पाणी. आयपी या अक्षरांपुढे आकडे असतात. शेवटचा आकडा पाण्याचा. तो ४ असला, तर पावसाचे शिंतोडे सोसतात.

आणि दुकानदाराला सरळ विचारावे, "भाऊ, घरी लावून पाहतो. नाही जमला तर बदलून द्याल का?" यात लाज कसली?

दिवा कुठे बांधावा?

दिवा हँडलवर घट्ट बांधावा. खालून उजेड पडला, की खड्ड्याची सावली पडते आणि खड्डा ओळखू येतो. पुष्कळ जण डोक्याला बांधायची बॅटरी वापरतात. वळणावर ती फार उपयोगी. मान वळवली, तिकडे उजेड जातो. पण तो उजेड डोळ्यांजवळूनच जातो, त्यामुळे सावली दिसत नाही आणि खड्डा सपाट वाटतो. म्हणून एकच दिवा घ्यायचा असेल, तर हँडलचा घ्यावा.

दिव्याचे तोंड थोडे खाली ठेवावे. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले, तर तोच आपल्या अंगावर यायचा!

डांबरी सडक लागली, की मागचा लाल दिवा हवाच. समोरच्या दिव्याने आपल्याला दिसते, मागच्या दिव्याने आपण दिसतो. तेवढे पैसे नसतील, तर निदान चमकणारा लाल रिफ्लेक्टर लावावा. तो फारच थोड्या पैशांत मिळतो. फक्त आठवड्यातून एकदा पुसावा, चिखलाने माखला तर चमकत नाही.

घरी परीक्षा

नवा दिवा आणला, की अंधार पडल्यावर पांदणीत जावे. २० पावले मोजून तिथे एक काळपट गोणपाट टाकावे. परत येऊन सायकलवर बसावे. गोणपाट स्पष्ट दिसले, तर दिवा पास. नाही दिसले, तर दिवा बदलावा, नाहीतर वेग कमी करावा.

दिवा असला तरी सोबत असलेली बरी. जंगलाकाठच्या गावांत तर एकट्याने जाऊच नये. सायकलवरून उतरल्यावर पाय ठेवण्याआधी जागा उजेडात पाहावी. मण्यार आणि घोणस जास्त करून रात्री फिरतात.

आपण आता वाचायला आणि हिशेब करायला शिकलो. ही विद्या बाजारातही चालवावी. डबा वाचून, हिशेब करून आणि पावले मोजून घेतलेला दिवा आपले पैसेही वाचवील आणि हातपायही.