हातावरची तूर आणि समोरची बस

उसाच्या गळीत हंगामाचे दिवस होते. लातूर जिल्ह्यातल्या एका दुपदरी रस्त्याने आम्ही चाललो होतो. गाडी माझी पुतणी चालवीत होती. तिला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेली, खिशात शिकाऊ परवाना, गाडीच्या पुढेमागे तांबड्या रंगात ‘एल’ हे अक्षर आणि शेजारी मी. आमच्या पुढे उसाने खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत एक ट्रॅक्टर रमतगमत चालला होता.

“काका, रस्ता मोकळाच आहे की. घेऊ का पुढं?”

दूरवर एस.टी.चा लाल ठिपका दिसत होता. मी “नको” म्हणालो. “केवढी लांब आहे ती!” असे म्हणत ती कुरकुरली. मी मनात आकडे मोजू लागलो. नऊपर्यंत पोचतो न पोचतो तोच ती बस आमच्या शेजारून सणसणत निघून गेली.

पोरीची चूक कुठे झाली? ती घाबरट नाही, निष्काळजीही नाही. तिच्या डोळ्यांनी तिला फसविले. कसे, ते आपण हिशोब करूनच पाहू.

ट्रॅक्टरचा वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर धरा. आपण त्याच वेगाने त्याच्या २० मीटर मागे आहोत. दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टरची लांबी १६ मीटर, आपली गाडी ४ मीटर, आणि पुढे गेल्यावर पुन्हा डावीकडे येण्यापूर्वी मध्ये २० मीटर जागा हवी. बेरीज ६० मीटर. ट्रॅक्टर जणू उभाच आहे असे मानले, तर आपल्याला त्याच्या मानाने एवढे अंतर कापायचे आहे. गाडीचे त्वरण दर सेकंदाला १.५ मीटर प्रतिसेकंद घेऊ. नवशिक्या पायाला तेवढे पुष्कळ झाले. नववीतले समीकरण आठवा: अंतर = १/२ × त्वरण × काळाचा वर्ग. यावरून काळाचा वर्ग ८० येतो, म्हणजे काळ जवळजवळ ९ सेकंद.

या ९ सेकंदांत ट्रॅक्टरही ४५ मीटर पुढे सरकतो. म्हणून रस्त्यावर आपले अंतर झाले १०५ मीटर. आता समोरची बस ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने येत असेल, तर तेवढ्याच वेळात ती १८० मीटर येते. दोन्ही मिळून २८५ मीटर! यात राखीव असे काहीच धरलेले नाही. आपण डावीकडे वळतो आणि त्याच क्षणी बस नाकासमोर येते, असा हा हिशोब आहे. निर्णय घेऊन पाय दाबेपर्यंत जाणारे एखादे सेकंद तर धरलेलेच नाही.

एक गंमत पाहा. ट्रॅक्टर सावकाश जातो म्हणून चालक त्याच्यावर चिडतो; पण मागे टाकायला तोच सोपा. ताशी ५४ किलोमीटरने जाणाऱ्या ट्रकला आपण ताशी ७२ किलोमीटरने ओलांडू लागलो, तर दोघांच्या वेगांतील फरक सेकंदाला केवळ ५ मीटर. तेच ६० मीटर कापायला आता १२ सेकंद लागतात. आपण २४० मीटर जातो, बसही २४० मीटर येते. रस्ता मोकळा हवा ४८० मीटर.

आता डोळ्यांकडे वळू. त्यासाठी तुरीचा एक दाणा घ्या. आपल्या भागात त्याला काय तोटा? (हातावर तुरी देऊन पळायचे मात्र नाही!) दाणा साधारण ५ मिलिमीटरचा असतो. चिमटीत धरून हात लांब करा, म्हणजे तो डोळ्यापासून सुमारे ६० सेंटिमीटरवर येईल. एक डोळा मिटा. बसची रुंदी अडीच मीटर. समरूप त्रिकोणांच्या नियमाने हा दाणा ३०० मीटरवरच्या बसला बरोबर झाकतो. म्हणजे ट्रॅक्टर ओलांडायला जेवढा रस्ता हवा, तेवढ्या अंतरावर बस तुरीएवढी असते. ट्रकच्या उदाहरणात तर ती ज्वारीच्या दाण्याहून बारीक दिसते.

एका सेकंदानंतर ती बस २८० मीटरवर येते. दाण्याच्या मापात तिची रुंदी वाढली फक्त एकतृतीयांश मिलिमीटर! एवढा फरक कोणाच्या लक्षात येणार? बस जागेवरच उभी आहे असे वाटते. पण तीच बस ६० मीटरवर आली की हाताच्या अंतरावर २५ मिलिमीटरची, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी दिसते. आणि पुढच्या एका सेकंदात साडेसदतीस मिलिमीटरची होते. तेव्हा ती अंगावर धावून आल्यासारखी वाटते. वेग दोन्ही वेळा तोच. दूरच्या वाहनाचे अंतर डोळा कसेबसे सांगतो, वेग सांगत नाही.

याच समरूप त्रिकोणांचा आणखी एक उपयोग आहे. ट्रॉलीला चिकटून चालले की उसाच्या मोळ्यांखेरीज काही दिसत नाही. ट्रॉलीपासूनचे अंतर चौपट केले, तर तिच्या कडेवरून समोरचा उजवा पट्टाही चौपट लांबवर दिसतो. मागे राहणारा जास्त पाहतो, हे पुतणीला पटायला मात्र वहीवर आकृती काढावी लागली.

तुम्ही म्हणाल, नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला येणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आता बराचसा चौपदरी आहे. मग समोरच्या बसची चिंता कशाला? खरे आहे. तेथे चिंता मागच्या वाहनाची. फाट्यावरून ताशी ३६ किलोमीटरने महामार्गावर शिरणाऱ्याच्या मागे ९० मीटरवर ताशी ९० किलोमीटरने येणारी मोटार असेल, तर ती ६ सेकंदांत येऊन भिडते. बाजूचा आरसा बहुधा बहिर्वक्र असतो. तो जास्त परिसर दाखवितो, पण प्रतिमा लहान करतो, म्हणून मागची मोटार आहे त्याहून दूर भासते. शिवाय अगदी बगलेतली मोटार कोणत्याच आरशात येत नाही. पट्टा बदलताना खांद्यावरून मान वळवून पाहायचे ते यासाठी.

त्या दिवशी आम्ही ट्रॅक्टरच्या मागेच राहिलो. कारखान्याच्या फाट्याला तो आपणहून वळला. दुसऱ्या दिवशी पुतणी तुरीचा दाणा घेऊन गच्चीवर गेली आणि खालच्या रस्त्यावरची वाहने मापू लागली. बस, ट्रक सारे हिशोबाप्रमाणे जुळले. मोटारसायकल मात्र शंभर मीटरच्या आत आल्याशिवाय दाण्याबाहेर डोकावलीच नाही.