गाडीच्या पोटाखाली

दसऱ्याला गाडीची पूजा होते ती वरवरची. झेंडूची माळ जाळीला, कुंकवाचे बोट बॉनेटला आणि लिंबू चाकाखाली. पावसाळाभर चिखल, पाणी आणि गोटे सोसले ते गाडीच्या पोटाने. पण त्या पोटाकडे कुणी वाकूनसुद्धा पाहत नाही. मीही पाहत नव्हतो. त्यासाठी मला कैनाडला जावे लागले, आणि तेही एका रागापायी.

आमची गाडी म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी. या गाड्या कारखान्यातून निघायच्या थांबल्या त्याला दोन दशके होऊन गेली. मुंबईच्या टॅक्सींतूनही त्या २०२३ साली गेल्या. तेव्हा तिचे कौतुक आमच्या घरातच काय ते उरले आहे. गेल्या खेपेला ऑइल बदलताना एका गॅरेजातल्या पोऱ्याने चेंबरचा बोल्ट असा काही आवळला, की आटेच गेले. महिनाभर थेंब थेंब गळत होते. बिल मात्र पुरेपूर! मी घरी जाहीर केले, "यापुढे हे काम मी स्वतः करणार." सौ. म्हणाली, "करा. पण सोसायटीच्या आवारात नको, लोक हसतील."

डहाणू तालुक्यातल्या कैनाडला माझे मेहुणे नोकरीनिमित्त भाड्याच्या घरात राहतात. दिवाळीला तिथे जायचेच होते. भाताची खाचरे पिवळी झालेली, अंगण शेणाने सारवलेले, आणि हसायला कोणी नाही. मी पाने, चिंध्या, ऑइलचा डबा असा सरंजाम मांडला.

पहिली चूक तिथेच झाली. अंगण वरून कोरडे दिसत होते, पण पावसाळ्याची ओल खाली होतीच. गाडीबरोबरचा जॅक लावला, चाक उचलले आणि मी आडवा होऊन हात आत घातला. सौ. गाडीचे पुस्तक वाचत बसली होती. ती एकदम म्हणाली, "नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नये असे लिहिले आहे यात." मी म्हटले, "पुस्तकवाल्यांना काय, ते काहीही लिहितात." तिने उत्तर दिले नाही. उठली, डिकीतली स्टेपनी घरंगळत आणली आणि दाराखाली आडवी सारून दिली. पाच मिनिटे झाली नसतील, जॅकची बैठक मातीत रुतली, जॅक कलला आणि गाडी धप्पकन स्टेपनीवर बसली. माझा हात कोपरापर्यंत आत होता. हात आणि लोखंड यांत वीतभर जागा उरली होती, ती त्या स्टेपनीने राखलेली.

त्या दिवशी पुढे काम केले नाही. हातपायच कापत होते.

दुसऱ्या दिवशी डहाणूहून दोन लोखंडी घोड्या आणल्या. गाडी ओट्यापुढच्या सिमेंटच्या कोब्यावर घेतली, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि पुढचा भाग घोड्यांवर टेकवून गाडी हलवून पाहिली. मग खाली गेलो. इंजिन आधी दहा मिनिटे चालवले होते. कोमट ऑइल पातळ होते आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडते. थंड असताना सोडले तर अर्धी घाण चेंबरलाच चिकटून राहते. फार तापलेले मात्र नको, हात भाजतो. वरचे झाकण काढले, खाली घमेले ठेवले आणि बोल्ट शेवटचे आटे हाताने फिरवून चट्कन बाजूला घेतला. काळे ऑइल निघाले. ते दुधाळ असते तर इंजिनात पाणी गेले असे समजायचे. आमचे काळेच होते, हायसे वाटले. बोल्टला नवी वायसर घालून तो आवळला, पण बेताने! नवे ऑइल थोडे थोडे घालायचे आणि मोजपट्टीवरच्या दोन खुणांमध्ये ठेवायचे. जास्त घातले म्हणजे इंजिन जास्त सुखी होते, हा समज खोटा आहे.

खरी कमाई पुढे होती. ग्रीसगन घेऊन पुढच्या चाकांजवळची निपले पुसत होतो. आधी पुसलीच पाहिजेत, नाहीतर ग्रीसबरोबर वाळूही सांध्यात जाते. तेव्हा ब्रेकच्या रबरी पाइपवर नख लागले. वाकवून पाहिला तर आडव्या चिरा, आणि एका चिरेत ओल. याच पाइपाच्या जोरावर आम्ही हमरस्त्याने भरलेल्या ट्रकांच्या मधून आलो होतो, मागे दोन मुले बसवून. ब्रेकचे काम मी हौसेवर सोडले नाही. मेहुण्यांनी डहाणूहून मिस्त्री आणला आणि दोन्ही बाजूंचे पाइप बदलून घेतले.

उरले घमेल्यातले काळे ऑइल. कोब्यामागे, बांधाच्या कडेला खड्डा करून ओतावे म्हणून मी कुदळ मागितली. शेजारचे वारली आजोबा कुडाला टेकून दोन्ही दिवस तमाशा पाहत होते. पूर्वी गाडीच्या कण्याला वंगण आम्हीच घालायचो, बैल सोडून, असे त्यांनी मघाशीच सांगितले होते. आता ते म्हणाले, "भाऊ, तिथं नको. उतार बावीकडं हाय."

बाव म्हणजे विहीर. चार घरे तिचेच पाणी पितात. मी कुदळ परत केली. डहाणू तालुका १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, हे मी वाचले होते. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते आणि ते शुद्ध करून पुन्हा वापरता येते, हेही ठाऊक होते. पण खड्डा खणताना यातले काही आठवले नाही. आठवला तो आजोबांना उतार.

ऑइल रिकाम्या डब्यात भरले, बूच घट्ट लावले. मुंबईत एक गॅरेजवाला असे ऑइल पिंपात साठवून परवानाधारक कारखान्याला देतो, त्याच्याकडे पोचवायचे ठरले. डिकीत चिकू आणि फराळाचे डबे होते, त्यामुळे परतीच्या वाटेवर तो डबा सौ.च्या पायांमध्ये बसला. तलासरीकडून येणारा हमरस्ता लागेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढच्या वेळी स्टेपनी मी आधीच काढून ठेवीन."