वर्गांतील मुके सोबती

वर्गांत एखादा ससा पाळल्यानें मुलांस जबाबदारी कळते, असें पुष्कळ शिक्षकांचें मत आहे. डॉ. माँटेसोरी यांनीं हेंच पूर्वीं प्रतिपादिलें होतें: एक जीव आपल्यावर अवलंबून आहे हें ध्यानीं आलें कीं, कोणी न सांगतां मूल उद्यांची तजवीज करूं लागतें. ही पद्धति आपल्याकडे रुजविण्यासाठीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. त्याच्या एक संस्थापिका ताराबाई मोडक यांचा संसार आरंभीं अमरावतीस होता.

परंतु वऱ्हाडांत हा प्रयोग करणाऱ्यानें प्रथम वैशाखाचा विचार करावा. अकोल्यास पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि त्याच वेळीं शाळा बंद असतात. सशास तर तिशीपलीकडची उष्णताच सोसत नाहीं. वर्षभर ज्यास हातानें गवत चारलें, तो सुटींत दुर्लक्षानें मेला तर मुलें कोणता धडा शिकतील? सुटींतील पाळ्या ठरल्यावांचून प्राणी आणूंच नये. देशी पोपट तर वर्ज्यच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तो पिंजऱ्यांत ठेवणें गुन्हा आहे.

त्यापेक्षां अंगणांतील कडुनिंबाखालीं पांखरांसाठीं पाण्याचें मातीचें भांडें ठेवावें. तें रोज घासून भरण्याची पाळी मुलांकडे असावी. सुटींत तें प्रत्येकानें आपापल्या दारीं ठेवावें. पांखरूं आपलें नव्हे, तें आभारहि मानणार नाहीं. तरी भांडें रिकामें दिसतांच जें मूल आपण होऊन उठतें, त्यास जबाबदारी निराळी शिकविण्याचें कारण उरत नाहीं.