घरीच तर आलीयेस, मग त्रास कसला?

एअरपोर्टवरचा तो सीन तुम्ही रील्समध्ये शंभर वेळा पाहिला असेल. काचेचं दार सरकतं, सामानाची ट्रॉली दिसते, आई रडते, मागे गाणं वाजतं. रील तिथेच संपतं. महिन्याभरानंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारी काय होतं, ते कुणी शूट करत नाही.

माझी चुलतबहीण, आमची ताई, २०१९ मध्ये मास्टर्ससाठी जर्मनीत स्टुटगार्टला गेली. मग तिथेच नोकरी. मधे कोविड आला. पाच वर्षांत ती एकदाच आली, तेही एका लग्नाला, दहा दिवसांसाठी. २०२४ मध्ये काकांची बायपास झाली आणि ती कोथरूडच्या घरी कायमची परतली. कुणी बळजबरी केली नव्हती, तिलाही यायचंच होतं.

पहिले पंधरा दिवस फुल धमाल. मिसळ, पुरणपोळी, नातेवाईक. मग एका संध्याकाळी ती भाजी आणायला गेली. पाचशेची नोट पुढे केली, तर भाजीवाले काका म्हणाले, “सुट्टे नाहीत ताई, स्कॅन करा.” जर्मनीत रोख पैसे बाळगायची सवय लागलेली. इथला जुना मोबाइल नंबर बंद, बँकेचं खातं त्याच नंबरला जोडलेलं, मग ओटीपी येणार कुठे? शेवटी तिने मला फोन केला. ज्या गल्लीत ती लहानाची मोठी झाली, तिथे दोन जुड्या मेथी घ्यायला तिला माझी मदत लागली. मी खूप हसले. ती नाही हसली.

मग हे रोजचंच झालं. झेब्रा क्रॉसिंगवर ती गाड्या थांबायची वाट बघत उभी राहायची. काकू दार न वाजवता खोलीत आल्या की दचकायची. नव्या ऑफिसात मीटिंगमध्ये सरळ म्हणाली, “हे काम या मुदतीत होणार नाही.” तिकडे हा प्रामाणिकपणा होता, इकडे तो उद्धटपणा ठरला. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या ती सिंकखाली साठवायची, कारण जर्मनीत बाटली दुकानात परत केली की २५ सेंट मिळतात. आम्ही तिला ‘जर्मन बाई’ म्हणायला लागलो. त्यात मी सगळ्यात पुढे. आणि ती चिडली की घरातल्यांचं एकच वाक्य, “अगं, घरीच तर आलीयेस, तुला कसला त्रास?”

तुमच्याही घरात कुणी असं परतलं असेल, तर हे वाक्य तुम्हीही बोलला असाल. म्हणूनच सांगते, या त्रासाला नाव आहे, रिव्हर्स कल्चर शॉक. आणि तो काही आजच्या पिढीचा नखरा नाही. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये मांडलं की परदेशात गेलेल्याच्या मनाचा आलेख इंग्रजी ‘यू’सारखा असतो. आधी उत्साह, मग घसरण, मग सावरणं. १९६३ मध्ये जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकन जोडप्याने त्यात भर घातली. घरी परतल्यावर तीच घसरण पुन्हा होते. दोन ‘यू’ जोडा, झाला ‘डब्ल्यू’. सगळ्यांचाच आलेख इतका नीटस नसतो, हेही पुढच्या अभ्यासांतून दिसलं. पण मुद्दा पटतो ना?

कारण बघा, जाताना आपण तयारी करतो. भाषा शिकतो, थंडीचे कपडे घेतो, सीनिअर्सना प्रश्न विचारतो. तिथे चुकलो तरी लोक ‘नवीन आहे’ म्हणून सांभाळून घेतात. परत येताना कुणी तयारी करत नाही. आपलंच तर घर! इथे चुकलात तर मात्र ‘शिंगं फुटली’ हे ऐकायला मिळतं. आणि व्हिसा संपल्यामुळे किंवा नोकरी न मिळाल्यामुळे परतला असाल, तर वर आणखी एक प्रश्न, “जमलं नाही का तिकडे?”

आता जी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली, ती सांगते. २०२१ मध्ये आमची आजी गेली. ताई येऊ शकली नाही. सगळे विधी तिने व्हिडिओ कॉलवर पाहिले. नंतर लग्नाला आली, तेव्हा शुभकार्यात नको म्हणून कुणी आजीचं नावही काढलं नाही. गेल्या महिन्यात एकदा ती स्वयंपाकघरात काहीतरी शोधत होती. काय, तर आजीचा अडकित्ता. कुणालाच आठवेना तो कुठे गेला. “ठेवला असेल कुठेतरी,” काकू सहज म्हणाल्या. ताई तिथेच खाली बसून हमसून हमसून रडली. आमचं रडून झालं होतं, तिचं राहिलं होतं. पाच वर्षं ती मनात जे घर घेऊन फिरत होती, त्यात आजी होती, अडकित्ता होता. आम्ही मात्र त्या घरातून कधीच पुढे निघून आलो होतो. आणि ती बदलली म्हणून हसत होतो.

तेव्हा परत येणार असाल, तर जाताना केली तशी तयारी करा. इथला मोबाइल नंबर चालू ठेवा, हे अगदी पहिलं काम. तिथल्या मित्रांशी बोलणं तोडू नका. आणि पहिले काही महिने स्वतःलाही ‘नवीन आहे’ म्हणून सूट द्या.

आणि तुम्ही माझ्यासारखे इथेच राहिलेले असाल, तर ‘तिकडे कसं होतं?’ हे विचारून झालं असेलच. आता ‘इथे कसं वाटतंय?’ असंही विचारा. उत्तर कदाचित लांबलचक येईल. ऐकून घ्या.

मी विचारलं. ताई दोन तास बोलली, मेट्रोने वनाजपासून रामवाडीपर्यंत जाऊन परत येईपर्यंत. अडकित्ता अजून सापडलेला नाही. सिंकखालच्या बाटल्या मात्र आता काकूच धुऊन ठेवतात आणि कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना देतात. त्या विकतात, त्यांना त्याचे पैसे मिळतात.

‘जर्मन बाई’ म्हणणं मी बंद केलंय.