‘पवित्र बाळं’ परसात येतात तेव्हा

मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याच्या मासातेक डोंगरभागात पावसाळा लागला की ओलसर उतारांवर, कोसळलेल्या दरडींवर आणि गुरांच्या शेणावर काही खास अळंब्या उगवतात. मासातेक लोक त्यांना ‘पवित्र बाळं’ म्हणतात. त्यांत सिलोसायबिन असते. पोटात गेल्यावर त्याचे सिलोसिन होते, ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या ग्राहकांवर काम करते आणि चार ते सहा तास माणसाचे भान पालटून टाकते.

ही अळंबी खाण्याच्या विधीला ‘वेलादा’, म्हणजे जागरण, म्हणतात. तो घरातच, देव्हाऱ्यापुढे होतो. देव्हाऱ्यात ख्रिस्ती संतांच्या तसबिरी, पुढे मेणबत्त्या आणि कोपाल या डिंकाचा धूप. अळंब्या जोडीजोडीने मोजून दिल्या जातात आणि सावकाश चावून खाल्ल्या जातात. मग दिवे मालवतात आणि जाणती बाई पहाटेपर्यंत गात राहते. हे सगळे आजाऱ्यासाठी: दुखणे कशाने जडले, ते उतरेल का, हे विचारण्यासाठी. नुसत्या देवदर्शनाच्या ओढीने अळंबी खाण्याची रीत तिथे नव्हती.

ती ओढ बाहेरून आली. 1955 साली न्यूयॉर्कचे बँकर गॉर्डन वॉसन मासातेक भागातल्या हुआउत्ला गावी मारिया साबिना या जाणत्या बाईच्या वेलादात बसले आणि 1957 मध्ये त्यांचा सचित्र लेख ‘लाइफ’ साप्ताहिकात आला. पॅरिसचे कवकतज्ज्ञ रोजे एम यांनी या अळंब्यांतली एक जात प्रयोगशाळेत वाढवली. तीच अळंबी वापरून स्वित्झर्लंडमध्ये रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट होफमान यांनी 1958 मध्ये सिलोसायबिन वेगळे केले. 1962 साली होफमान त्याच्या गोळ्या घेऊन हुआउत्लाला गेले. साबिनाने त्या घेऊन रात्र जागवली आणि गोळ्यांतही अळंबीचीच शक्ती असल्याचा निर्वाळा दिला.

पुढे मात्र गावात हिप्पींची रीघ लागली, पोलीस आले, साबिनाचे घर जाळले गेले. परके लोक देव शोधायला आले आणि तेव्हापासून अळंबीतली शक्ती गेली, असे ती म्हाताऱ्या वयात सांगत असे. गोळीला तिची हरकत नव्हती, हे इथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अळंबी परसात आणि माजघरात आली ती 1970च्या दशकात. टेरेन्स आणि डेनिस मॅकेना या अमेरिकन भावांनी 1976 मध्ये टोपणनावाने घरगुती लागवडीचे पुस्तक काढले. त्यामुळे साधकाला डोंगर चढण्याची गरज उरली नाही. पण घरातल्या लागवडीच्या पेटीत वाढते ती नुसती अळंबी. मोजून देणारी, गाणारी आणि घाबरलेल्याला रात्रभर सांभाळणारी बाई त्यात येत नाही. ही उणीव किरकोळ नाही. स्वतःला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनिया अथवा बायपोलर विकार असेल, तर अळंबीमुळे मनाचा तोल गंभीरपणे ढळू शकतो. रानातून आणलेल्या अळंबीत तर विषारी जातीची गल्लत होऊन जीवही जाऊ शकतो.

कायद्याने यात चमत्कारिक रेषा ओढल्या आहेत. 1971 च्या आंतरराष्ट्रीय कराराने सिलोसायबिनवर कडक नियंत्रण आणले. मेक्सिकोने करार स्वीकारताना आपल्या आदिवासींच्या परंपरागत विधींसाठी अपवाद राखून ठेवला, पण तो रानात आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींपुरता. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याची गोष्ट नेमकी उलटी: 2022 च्या सार्वमतानंतर तिथे एकवीस वर्षांवरील माणूस स्वतःच्या घरात, बारा बाय बारा फुटांच्या जागेत, अशी अळंबी वाढवू शकतो, ती विकायला मात्र बंदी आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ती आजही निषिद्धच आहे.

भारतात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत सिलोसायबिनचा समावेश आहे, आणि धार्मिक किंवा आध्यात्मिक वापरासाठी त्यात कोणतीही सूट नाही.