संगणकाचा आज्ञाधारक गडी

वसई-विरारकडची सुकेळी फराळाच्या ताटाशेजारी ठेवली, की पाहुण्यांचे चकलीकडे लक्षच राहत नाही! पण ती करायची तर राजेळी केळीच हवीत. दुसरी कुठली केळी वाळवून चालत नाही, हे आगाशीतली कोणतीही आजी सांगेल.

संगणकाच्या प्रोग्रामचेही असेच आहे. तो सबंध एकाच माणसाने लिहिलेला असतो, अशी आपली समजूत. वस्तुतः त्यात इतरांनी लिहून ठेवलेले शेकडो तुकडे लागतात, आणि त्या तुकड्यांना आणखी तुकडे! एक नसला तरी बांधणी अडते. वसई रोडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारे आपले चिरंजीव रात्री दोनपर्यंत डोके धरून बसतात, ते पुष्कळदा यापायीच. हळद आणायला निघावे तर पिशवी नाही, पिशवी काढावी तर कपाटाची किल्ली हरवलेली, तशातली गत!

यावर तोड म्हणजे एक गडी. 'डेबियन' ही प्रणाली चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी १९९८ साली 'ॲप्ट' तयार केला. तो याद्या वाचून लागेल ते सारे आणतो. 'ऑटो-ॲप्ट' त्याच्याही पुढचा होता. बांधणी चालू असता एखादी फाइल सापडली नाही, की ती कोणत्या गाठोड्यात आहे ते तो शोधी, गाठोडे उतरवून घेई, आणि काम पुढे चाले.

पण गडी आज्ञाधारक असला तरी चौकस नव्हे! अलेक्स बिर्सन या संशोधकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलेली हकिकत पाहा. बड्या कंपन्यांच्या खाजगी तुकड्यांची नावे त्याला कळली होती. त्याच नावांचे तुकडे, आवृत्तीचा आकडा तेवढा मोठा घालून, त्याने सार्वजनिक भांडारांत ठेवले. झाले! ॲपल, मायक्रोसॉफ्ट धरून ३५हून अधिक कंपन्यांच्या गड्यांनी घरचे सोडून बाहेरचे उचलले. त्याचा हेतू दोष दाखवण्याचा होता, म्हणून निभावले.

त्याआधी मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने रागावून आपला अवघ्या ११ ओळींचा तुकडा भांडारातून काढून घेतला, तर जगभर बांधण्या अडल्या होत्या.

आता यादीत नावाबरोबर तुकड्याचा आकडी ठसाही नोंदवून ठेवता येतो. तुकड्यातले एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही आणि गडी माल दारातूनच परत पाठवतो. मात्र पहिला ठसा घेण्यापूर्वी तो तुकडा उघडून कोणी वाचला होता का, हे त्या यादीत लिहिलेले नसते. चिरंजीवांना एकदा विचारून पाहावे.