दोन डेक, एक मिक्सर आणि फर्स्ट शिफ्ट

‘यंदा डीजे कुठून आणायचा?’ असं भोसरी-चिंचवडात कुणी विचारलं, तर त्याला माणूस नको असतो बरं का! त्याला हवी असते ट्रॉलीवर रचलेली बॉक्सची भिंत आणि मागे धडधडणारा जनरेटर. सातारा-कोल्हापूरकडे याच भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. गंमत म्हणजे हा रे डॉल्बी १९६३ पासून दोन वर्षं संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून भारतात होता. १९६५ मध्ये त्याने काढलेल्या कंपनीचं पहिलं काम काय, तर टेपमधली खरखर कमी करणं. नॉइज रिडक्शन! आणि आपण त्याचं नाव कशाला दिलं बघा.

मी सांगतोय तो डीजे म्हणजे एका कानावर हेडफोन लावून उभा असलेला माणूस. किंवा मुलगी. दिवसा मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला असतो आणि सुट्टीच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी संगीतला किंवा साखरपुड्याला वाजवतो. आपल्या पट्ट्याचा फंडाही वेगळा आहे. इथल्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे आपली ‘सॅटरडे नाइट’ येते बुधवारी!

आता सामान. मिक्सर म्हटलं की आईला चटणी आठवते, पण हा मिक्सर दोन गाण्यांची चटणी होऊ नये म्हणून असतो. एका डेकवर गाणं वाजतंय, दुसऱ्यावर पुढचं तयार आहे, आणि ते पुढचं फक्त तुमच्या हेडफोनमध्ये ऐकू येतंय. याला ‘क्यू’ म्हणतात. सगळा खेळ एवढाच. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये कूल हर्कने दोन टर्नटेबलवर एकच रेकॉर्ड लावून गाण्यातला नाचायचा तुकडा लांबवला, तोही याच जुगाडावर. टेक्निक्सचा एसएल-१२०० टर्नटेबल त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये आला होता. त्यात बेल्ट नाही, मोटर थेट प्लॅटरला जोडलेली. इंजिनीअर मंडळींना यातली मजा वेगळी सांगायला नको. २००१ मध्ये पायोनिअरचा सीडीजे-१००० आला आणि सीडीसुद्धा हाताने मागेपुढे करता यायला लागली.

पण क्लबमधले फोटो बघून थेट सीडीजे घ्यायला निघू नका. आजचा टॉपचा एक सीडीजे चाकणला बनणाऱ्या पल्सरपेक्षा महाग पडतो, आणि लागतात दोन. सुरुवातीला कंट्रोलर घ्या. दोन डेक आणि मिक्सर एकाच डब्यात, लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा. घेताना एकच गोष्ट नीट बघा : आत साउंड कार्ड आहे का, आणि हेडफोनचं आउटपुट स्पीकरपासून वेगळं आहे का. नसेल तर क्यू नाही, आणि क्यू नाही तर ते खेळणं. चमकणारे पॅड, रंगीत लाइट वगैरेंचं अप्रूप महिन्याभरात उतरतं. हेडफोन मात्र कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचेच घ्या.

प्रत्येक कंट्रोलरवर ‘सिंक’ नावाचं एक बटण असतं. दाबलं की दोन्ही गाण्यांचा टेम्पो एक. नव्या हाउस-टेक्नोला झकास चालतं. पण लग्नात मामांनी सत्तरच्या दशकातल्या गाण्याची फर्माईश केली की सिंक गडबडतं, कारण ती गाणी माणसांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. ताल मध्येच किंचित पळतो, किंचित रेंगाळतो. कोळीगीत तर बऱ्याचदा सहाच्या चालीत असतं आणि हाउस चारच्या. ते एकमेकांवर चढवायला जाऊ नका, सरळ समेवर तोडा. हो, सम! लहानपणी तबल्याच्या क्लासला घातलं असेल तर तिथले मार इथे वसूल होतात. डीजे ज्याला ‘वन’ म्हणतात ती समच. चार-चारचे आठ गट, म्हणजे बत्तीस ठोके मोजायची सवय लागली की नवं गाणं कुठे आणायचं हे हाताला आपोआप कळतं.

दुसरी गोष्ट लाल दिवा. मिक्सरचं मीटर लालमध्ये गेलं म्हणजे गाणं दमदार झालं असं नाही, तर सिग्नलचे शेंडे कापले जातायत. आवाज फाटतो आणि स्पीकरचा ट्विटर जळू शकतो. लाइनवर अँडॉनचा लाल दिवा लागला की आपण धावतो ना, तसंच इथे. गेन हिरव्यात ठेवा आणि मोठा आवाज हवा असेल तर तो ॲम्प्लिफायरवर वाढवा.

आता कानाचं बोलू, कारण हे कुणी शिकवत नाही. प्रेस शॉपच्या दाराशी इअरप्लगचा डबा असतो आणि न घालता आत गेलात तर सेफ्टीवाला ओरडतो. तोच माणूस बुधवारी रात्री स्पीकरला टेकून नाचतो! अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचा हिशेब सोपा आहे : ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. संगीतचा कार्यक्रम चालतो चार तास. माझ्याबरोबर वाजवणाऱ्या मित्राच्या ऑडिओमेट्रीत यंदा ४००० हर्ट्झपाशी खड्डा निघाला. पठ्ठ्या शॉपफ्लोअरवर जातच नाही, अकाउंट्सला आहे. कानातल्या त्या पेशी परत उगवत नाहीत. त्याचं वय सत्तावीस. तेव्हापासून आम्ही दोघंही म्युझिशियन प्लग घालतो. त्यात गाणं तसंच राहतं, फक्त लहान होतं.

घरी सराव हेडफोनवरच करा. शेजारचा नाइट शिफ्ट करून सकाळी आठला झोपलेला असतो, हे या शहरात धरूनच चालायचं. बाहेर वाजवताना २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम माहीत हवेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. बंद हॉलला सवलत आहे, लॉनला नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. २०१८ च्या गणेशोत्सवात मिरवणुकीतल्या डीजेचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा व्यावसायिकांना दिलासा मिळाला नव्हता. त्यामुळे पार्टी लॉनवर असेल तर पाहुण्यांना आठलाच नाचायला लावायचं, साडेनऊला सगळ्यात हिट गाणी संपवायची. यजमान कितीही ‘अजून एकच’ म्हणोत.

आणि पहिली सुपारी मिळाली की दोन तास आधी पोहोचा. गाणी दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर न्या. स्वतःची केबल न्या, हॉलवाल्याची केबल हमखास तुटकी निघते. स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ असा आवाज आला तर आधी अर्थिंग तपासा. जनरेटरवाल्याचा नंबर दुपारीच घेऊन ठेवा.